जेवून लगेच उठणारा रासमुस

सालामांका,
मार्चची अखेर

चिरंजीव (आणि आता म्हणे शाळेत पोरांना स्पॅनिश शिकवतोस, म्हणून श्रीयुतसुद्धा) तोमास यास, जुन्या घरमालकिणीकडून दोन गालांवर दोन पापे आणि पोटभर आशीर्वाद.

तुमच्या लुब्लिनला अजून बर्फ असेल, तेव्हा लोकरीचे मोजे काढू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे राहत होतास तेव्हाही कुरकुरायचा. माझ्या इग्नासिओला मात्र हे पटत नाही. त्याने धोशा लावलाय, आई, माद्रिदला चल, लिफ्ट असलेल्या घरात राहा. मी त्याला सांगून ठेवलंय, शिकायला आलेला एक तरी परदेशी पोरगा घरात आहे तोवर मी इथून हलणार नाही. त्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, पण ज्या दिवशी खोली रिकामी होईल, त्या दिवशी सामान बांधायचं." मी बरं म्हटलं. (खोली कशाला रिकामी राहतेय, असं तेव्हा वाटलं.)

तर तुझ्या खोलीत यंदा आला रासमुस. डेन्मार्कचा, ताडमाड उंच, पिंगट केसांचा, स्वभावाने गरीब. पण पहिल्याच दुपारी मसुराची आमटी संपवली, ताट उचललं, धुतलं, पुसलं, "आभारी आहे, सेन्योरा" म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं! मी टेबलाशी तशीच, हातात अर्धं सोललेलं संत्रं. मला वाटलं, आमटीत झुरळबिरळ निघालं की काय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वरच्या मजल्यावरची एन्कार्ना म्हणाली, "अगं, तू काही लागट बोललीस का त्याला?" म्हटलं, "बोलायला तो थांबतोय कुठे?" शेवटी मी त्यालाच विचारलं, तर निरागस चेहऱ्याने म्हणतो, "पण सेन्योरा, जेवण झालं ना?" झालं! अरे, जेवण झालं म्हणजे आत्ता कुठे बसायची वेळ झाली! भूक काय, उभ्याने पाव खाऊनही भागते.

तू कसा बसायचास! सुरुवातीला तुला धड चार वाक्यं येत नव्हती, तरी बसायचास. तुझ्या आजोबांच्या मधमाशांची गोष्ट तू हातवारे करून सांगितलीस, ती दुपार आठवते? कॉफी दोनदा गार झाली, दुपारची झोप बुडाली, आणि तू ओले बूट पाय शेकायला टेबलाखाली ठेवलेल्या शेगडीला चिकटवून वाळत ठेवलेस हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. रबर जळल्याची घाण घरभर सुटली आणि तू गप्प! का, तर म्हणे, "मला वाटलं, तुम्ही चीज आणलंय." टेबलाच्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या झालरीला त्या दिवशी पडलेला तपकिरी डाग अजून तसाच आहे. एन्कार्ना म्हणते, झालर बदल. मी बदलत नाही. मला ते दिवस फार आठवतात, तोमास, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

असो. रासमुसकडे येते. एका शनिवारी गुडघ्यामुळे मी त्याला मासळीबाजारात धाडलं. आपल्याकडे रांग दिसत नाही पण असते, हे त्याच्याकडून घोकून घेतलं: आत गेल्यावर विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणी हात वर केला की आपण तिच्या मागे, आणि नंतर आलेल्याने विचारलं की आपण हात वर करायचा. शहाण्याने सगळं बरोबर केलं. त्याच्या मागे एका बाईने नंबर लावला, ती "माझा नंबर धर रे" म्हणून पाव आणायला गेली. तिच्या मागे आणखी बायका. आणि मग ह्याच्या ध्यानात आलं की पिशवी घरी राहिली. हा कुणाला काही न सांगता बाहेर! इकडे मासेवाल्या सातुर्निनोने विचारलं, आता कोण? एकजण म्हणते मी पाववालीच्या मागे, दुसरी म्हणते पाववाली कोण, तिसरी म्हणते ती त्या लांबड्या पोराच्या मागे होती, चौथी म्हणते मी लांबड्या पोराला पाहिलंच नाही (चष्मा लावत नाही ती). भांडण थेट कोणाच्या नवऱ्याने कुठल्या लग्नात काय केलं होतं तिथवर पोचलं. तेवढ्यात रासमुस पिशवी घेऊन शांतपणे आत आला आणि म्हणाला, "माझा नंबर." सातुर्निनोने सुरी खाली ठेवली. "ये बाबा, ये! तुझ्यावाचून अख्खा बाजार अडलाय!"

त्या दुपारी बांगडे खाऊन झाल्यावर रासमुसने ताट उचललं नाही. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेचना. पाववालीची, चष्म्याच्या बाईची, सातुर्निनोची नक्कल करत तो रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत बसला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर रोज बसू लागला.

एन्कार्नाने तुझी चौकशी केली आहे. लग्न केलंस का, हे ती विचारतेय, मी नाही.

तुझी सेन्योरा,
एउलालिया

ता. क. रासमुस फेब्रुवारीतच डेन्मार्कला परत गेला. त्याचं शिक्षण इथे तेवढंच होतं. हल्लीची पोरं मिळून फ्लॅट भाड्याने घेतात, त्यांना म्हातारी नको असते. खोली तेव्हापासून रिकामी आहे. मी जेवते आणि लगेच उठते.

आणखी एक. इग्नासिओला हे ठाऊक नाही. दर रविवारी फोनवर विचारतो, "रासमुस काय म्हणतोय?" आणि मी सांगते. गेल्या रविवारी रासमुसला सर्दी झाली होती. इतकं सविस्तर सांगितलं, की संध्याकाळी मी त्याच्यासाठी सूपही केलं.

शेवटचं. ईस्टरच्या सुट्टीत इग्नासिओ येतोय, खास रासमुसला भेटायला. तुझ्या शाळेलाही तेव्हा सुट्टी असते. तो येतो नाताळात, आणि तूही, रासमुसही तेव्हा आपापल्या घरी, म्हणून त्याने तुम्हा दोघांनाही कधी पाहिलेलं नाही. तू उंच आहेस, पिंगट आहेस. दाढी ठेवली असशील तर काढून ये, डेन्मार्कबद्दल थोडं वाचून ये, आणि स्पॅनिश जरा वाईट बोल. येणं जमणार नसेल तर मात्र कळवू नकोस. खोलीत धुतलेली चादर घातली आहे. इग्नासिओ येईपर्यंत मला वाट बघू दे.