चंद्री बसली होती

मी, कुसुमावती विनायक टिपणीस, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार सेक्टर सव्वीस, नोएडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. कोणी मला भरीला घातलेले नाही. वकीलसाहेबांनी माझ्यासाठी इंग्रजीत एक मसुदा केला होता. तो बिनचूक होता, पण त्यात शेवंताचा उल्लेख ‘घरकाम करणारी स्त्री’ असा आला, म्हणून मी तो फाडून टाकला. आता जे लिहिते आहे तेच माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे.

वकीलसाहेबांनी असेही सुचवले की मृत्युपत्रात वाघीण आणू नये, कोर्टात लोक हसतील. हसू देत. वाघीण काढली तर घराचे कलम का लिहिले हे कोणालाच कळणार नाही.

कलम पहिले. माझे यजमान विनायकराव सात वर्षांपूर्वी वारले. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना या नोएडात भूखंड मिळाला तेव्हा इथे शेते होती आणि संध्याकाळनंतर रिक्षावाला यायला तयार नसे. आम्हाला एकच मुलगा, हेरंब. त्याची पत्नी वासंती आणि मुलगी स्वानंदी. कायद्याने वारस हेरंब एकटा, पण तिघांवरही माझा जीव आहे, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते हेरंबवर रागावून लिहिलेले नाही. थोडा राग आहे, तो जागच्या जागी सांगेन.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवीचे व्याज शेवंताच्या औषधपाण्याला आणि दुधाला लावावे. तिच्यामागे ती ठेव हेरंबची. माझ्या साड्या वासंतीने हव्या त्या ठेवाव्यात. जरीची जांभळी मात्र जुनी झाली म्हणून भांडीवालीला देऊ नये. विनायकरावांची पुस्तके ज्याला वाचायची असतील त्याने न्यावी, वजनावर विकू नयेत.

सोन्याच्या पाटल्यांची जोडी आहे. जोडी फोडू नये असे सगळे म्हणतात. मी ती फोडते आहे. एक पाटली स्वानंदीला आणि एक शेवंताला. शेवंताला एकच हात आहे, तिला एकच पुरे.

कलम तिसरे. या कलमात मालमत्ता काहीच नाही, पण ते सगळ्यांनी वाचावे. हेरंबने तर दोनदा वाचावे.

लग्नाआधी मी सिनेमात कामे करीत होते हे घरात सर्वांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. कंपनी पुण्याजवळ होती. ती बुडून पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिचे नाव लिहून मेलेल्याला मारत नाही. त्या काळी जंगलाचा देखावा असला की खरे जनावर आणत, कारण खोटे बनवायला कोणाला येत नव्हते. मध्ये जाळी नसे. साखळी पडद्यावर दिसते म्हणून साखळीही काढत. विमा हा शब्द मी पुढे लग्नानंतर ऐकला. आमच्या करारात एक ओळ असे की जनावरामुळे नटास इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, आणि आम्ही ती न वाचता सही करीत असू. एका नटाचा कान अस्वलाने नेला. एकाला अजगराने असे आवळले की त्याच्या फासळ्या मोडल्या आणि तो तक्रार न करता गावी निघून गेला. पडद्यावर तो नाग्या भिल्ल नावाच्या नायकाचा बाप होता, पुढच्या चित्रपटात दुसरा कोणी बाप झाला.

आमच्या कंपनीत चंद्री नावाची वाघीण होती. सांगलीकडची एक सर्कस मोडली, तिच्यातून तिला विकत घेतले होते, आणि तिच्याबरोबर सर्कसवाल्याची मुलगी शेवंता आली. तिने चंद्रीला बछडी असल्यापासून वाढवले होते. चंद्रीला दोन शब्द पक्के येत. ‘ये’ म्हटले की ती शेवंताकडे येई आणि तिच्या उजव्या हातातले मटण खाई. ‘बस’ म्हटले की असेल तिथे बसे.

मूकपटात हे सोपे होते. कॅमेरा चालू असताना शेवंता बाजूला उभी राहून चंद्रीशी सारखी बोलत असे, ‘बस गं, बस माझी बाय’, आणि पडद्यावर ते कोणालाच ऐकू येत नसे. मी दोन चित्रपट तिच्यासमोर उभी राहिले आणि मला एकदाही भीती वाटली नाही. माझ्या धाडसाबद्दल मासिकांत छापून आले. ते धाडस शेवंताच्या आवाजाचे होते.

मग बोलपट आला. मायक्रोफोन आला आणि सगळ्यांना गप्प बसवण्यात आले. दिग्दर्शकांनी शेवंताला बजावले की तोंडातून शब्द निघाला तर फिल्म वाया जाईल. तिने मान हलवली.

एकच चित्रपट तेव्हा मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढीत. देखावा तोच, कपडे तेच, एक प्रवेश मराठीत झाला की लगेच हिंदीत. मी वनवासातली राणी होते. समोरच्या खडकावर वाघीण, आणि मी हात पसरून म्हणायचे, ‘हा देह तुझाच आहे, वनराणी.’ मराठी प्रवेश पहिल्याच फटक्यात झाला. चंद्री खडकावर जांभई देत बसली होती.

हिंदी शिकवायला लखनौकडचे एक मुन्शी ठेवले होते, वृद्ध आणि फार सभ्य. वाक्य लिहिलेले होते, ‘यह देह तेरी ही है’. मी लिहिल्याप्रमाणे ‘य-ह’ म्हणत होते. मुन्शीजी हसले. म्हणाले, ‘बेटी, लिखते यह हैं, बोलते ये हैं.’ त्या दिवशी चित्रीकरणाआधी सकाळभर त्यांनी माझ्याकडून ते घोटून घेतले. वाघीण तेव्हा पिंजऱ्यात होती, शेवंता तिच्याजवळ. माझी तालीम दोघींनीही ऐकली नाही. माझे हिंदी जोवर अशुद्ध होते तोवर आम्ही सगळे सुखरूप होतो.

त्या काळी मायक्रोफोनसाठी शब्द लांबवून म्हणावा लागे. हिंदी प्रवेश सुरू झाला तेव्हा मी हात पसरले आणि जितक्या गोड आवाजात म्हणता येईल तितक्या गोड आवाजात म्हटले, ‘येऽ...’

चंद्री आली.

ती रागाने आली नाही. तिला बोलावले म्हणून ती खडकावरून उडी टाकून आली, मांजर ताटलीकडे येते तशी, फक्त अंगाने वाघीण होती. मी पसरलेल्या हातांनी उभी राहिले. शेवंता बाजूच्या कागदाच्या खडकामागून धावली, माझ्यापुढे आली आणि तिने रोजच्यासारखा उजवा हात पुढे केला, म्हणजे चंद्री माझ्याऐवजी तिच्याकडे वळावी. हातात काही नव्हते. चंद्रीने हात घेतला.

शेवंता किंचाळली नाही. तिने हळू आवाजात ‘बस’ म्हटले. चंद्रीने हात सोडला आणि बसली. बसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पुढचे दोन पाय एकत्र घेऊन, शेवंताच्या तोंडाकडे बघत. तशी बसलेली असताना कंपनीच्या शिकाऱ्याने तिला गोळी घातली.

मिशनच्या इस्पितळात शेवंताचा हात कोपरापासून काढावा लागला. जनावराची जखम चिघळते आणि तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, “ती बसली होती, बाई.” इतके बोलून तिने तोंड फिरवले. आजही महिन्या-दोन महिन्यांनी भाजी निवडताना ती हेच वाक्य म्हणते, आणि मी म्हणते, “हो, बसली होती.” घरातल्यांना वाटते की दोघी म्हाताऱ्या काहीतरी बरळतात.

चंद्रीची ती उडी कंपनीने चित्रपटात ठेवली. त्या उडीवर टाळ्या पडत. श्रेयनामावलीत माझे नाव सर्वांत मोठे होते, मुन्शीजींचे होते, चंद्रीचेही होते. शेवंताचे नव्हते. पुढच्या महिन्यात कंपनीने तिला कळवले की आता वाघीण नसल्यामुळे तिच्यासाठी काम उरलेले नाही. ते पत्रही मलाच वाचून दाखवावे लागले. त्या लोकांना मी माफ केलेले नाही आणि मरतानाही करणार नाही, एवढी नोंद असावी.

मी शेवंताला माझ्या बिऱ्हाडी आणले. विनायकरावांचे स्थळ आले तेव्हा मी त्यांना सांगितले की ही माझ्याबरोबर येईल. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग दोन खोल्यांची जागा बघायला हवी.” असा नवरा मला मिळाला. दिल्लीत बदली झाली तेव्हा आम्ही तिघे आलो. हेरंब तिच्या डाव्या हातावर वाढला.

कलम चौथे. नोएडाचे हे घर, जे विनायकराव माझ्या नावे करून गेले. हेरंबचा कारखाना मानेसरला जातो आहे आणि त्याला गुडगावात नव्या उंच इमारतीत फ्लॅट घ्यायचा आहे. त्यात गैर काही नाही. रोज यमुना ओलांडून तिथवर जाणे त्याच्या पाठीला झेपणारे नाही. त्यासाठी हे घर विकावे आणि शेवंताला फरीदाबादच्या एका वृद्धाश्रमात ठेवावे असे त्याच्या मनात आहे. त्याने मला त्याची रंगीत पुस्तिका दाखवली, तीत कारंजे आहे. मी नको म्हटले तेव्हा तो म्हणाला, “आई, प्रॅक्टिकली बघ ना. ती आपली कोण लागते?” हा तो राग, जो मी वर लिहिला. प्रश्न साधा आहे आणि मला त्याचे उत्तर तोंडी देता आले नाही. बहीण नव्हे, नणंद नव्हे, जात वेगळी, गाव वेगळे. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात दिवाळीच्या फराळाला जायचो तिथेही बायका हेच विचारीत, आणि मी ‘आमच्याकडची’ म्हणून वेळ मारून नेत असे. आज लिहून उत्तर देते. तिच्यामुळे मला दोन हात आहेत. माझ्यामुळे नव्हे, पण माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे, तिला एक आहे.

म्हणून: शेवंता, वडिलांचे नाव मारुती, हिला या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील, आणि खालच्या मजल्यावरची दक्षिणेची खोली, स्वयंपाकघर व अंगण तिचे राहील. ती हयात असताना हे घर विकू नये, गहाण टाकू नये, बिल्डरला देऊ नये. तिला कोणी समजावून, गोड बोलून, कागदावर अंगठा घेऊन बाहेर काढले तर तो कागद रद्द समजावा. तिच्यामागे घर संपूर्णपणे हेरंबचे. या कलमाची अंमलबजावणी स्वानंदीने करावी. तिने ते कबूल केले आहे.

कलम पाचवे. दिवाणखान्यातला माझा आणि चंद्रीचा फोटो स्वानंदीला. त्यात उजव्या कडेला मनगटापर्यंत एक हात आहे, पाहुण्यांना तो फोटोतला दोष वाटतो. तो शेवंताचा उजवा हात आहे. त्याचे दुसरे चित्र जगात नाही. फ्रेमवाल्याने कडेची पट्टी तेवढी आत घेऊ का असे तीनदा विचारले, मी घेऊ दिली नाही. स्वानंदीनेही देऊ नये.

विळी शेवंताची आहे, मृत्युपत्रात देण्याची वस्तू नाही. पायाखाली दाबून डाव्या हाताने ती अजून नारळ खवते. मिक्सर आला म्हणून विळी माळ्यावर टाकू नये.

कलम सहावे आणि शेवटचे. स्वानंदी तीन वर्षांची असताना नर्सरीतून हिंदी शिकून आली आणि शेवंताकडे बोट करून तिने मला विचारले, “ये कौन है?” शेवंताला पहिलाच शब्द कळला. ती हातातले टाकून आली आणि तिने पोरीला कडेवर घेतले. सगळे हसले. मला हसता आले नाही.

यंदा गणपतीत जेवणाच्या टेबलाशी घरावरून हेरंबचा आणि माझा वाद झाला. शेवंता दारात उभी होती. म्हणाली, “माझ्यापायी भांडू नका. मी कुठंबी जाते.” हेरंब दमला होता, त्याचा स्वभाव वाईट नाही, पण तो पटकन बोलून गेला, “बस, मावशी. बस.” हिंदीतले बस. पुरे झाले, आता गप्प राहा, असे. आपण मराठीतही ‘बस झालं’ म्हणतो, पण नुसते ‘बस’ शेवंताच्या मराठीत एकच सांगते. ऐंशी वर्षांची बाई होती तिथेच, उंबऱ्याजवळ, फरशीवर बसली. पाय एकत्र घेऊन, हेरंबच्या तोंडाकडे बघत. हेरंबने तिला उठवले, पाणी दिले, सॉरी म्हटले. मी पानावरून उठून आत का गेले आणि रात्रभर का रडले हे त्याने मला अनेकदा विचारले. हेरंब, ते आता तुला कळले असेल.

मुलांनो, तुमचे हिंदी चांगले आहे आणि दिल्लीत तेच लागते. तुमच्या मराठीतले पुष्कळ शब्द गेले, त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नाही. हे दोन मात्र ठेवा. माझ्यामागे या घरात शेवंताला ‘ये’ म्हणाल तेव्हा तुमच्या हातात तिच्यासाठी काहीतरी असू द्या. आणि ‘बस’ म्हणाल तेव्हा ते मराठीत म्हणा, खुर्ची पुढे करून.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांदेखत वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. शेवंतालाही साक्षीदार व्हायचे होते. जिला काही मिळते आहे तिने सही करू नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून तिचा अंगठा घेतलेला नाही. वाचन चालू असताना ती या खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. चंद्रीचा भाग आला तेव्हा तिने मान हलवली.

स्थळ: नोएडा
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९८

सही
कुसुमावती विनायक टिपणीस

साक्षीदार:
१. डॉ. शालिनी परशुराम देवस्थळी, शेजारी, सेक्टर सव्वीस, नोएडा
२. यशोधन भगवान खराडे, विद्यार्थी, सध्या मुक्काम मुनिरका, नवी दिल्ली. मूळ गाव तासगाव