अकरा धागे

२ फेब्रुवारी

आज कामावर रुजू झालो. सत्तराव्या वर्षी नोकरी लागली म्हणून हसावं की रडावं ते कळेना, म्हणून हसलो. जागा झकास आहे. लष्करी कपडे दुरुस्त करायची ही लांबलचक खोली, उत्तरेच्या भिंतीला माणसाच्या उंचीच्या खिडक्या. रफू करणाऱ्याला असला उजेड मिळणं म्हणजे चैन! टेबल माझं एकट्याचं, खुर्चीला गादी. मागच्या आवारात राहायला खोली दिली आहे. तिची कडी नीट लागते, नळाला पाणी येतं. मी उगाच आठ दिवस काळजी करत बसलो होतो.

काम असं. आघाडीवरून फाटके कपडे धुऊन इथे येतात. आम्ही ते नीट करतो आणि कॉलरच्या आतल्या नंबराप्रमाणे ज्याचे त्याला परत जातात. मोठं फाटलं असेल तर मशीनवर ठिगळ, भोक असेल तर रफू, म्हणजे मी. हेडबाईंनी परीक्षा घेतली. मी बुजवलेलं भोक त्यांना चष्मा लावूनही सापडेना, तेव्हा कुठे होतं हो, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, शोधा!

रफूत गुपित काही नाही. नवा दोरा घ्यायचा नाही, एवढंच. त्याच कपड्याच्या खालच्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा अलगद ओढून काढायचा. त्याने तेच ऊन खाल्लेलं असतं, तोच घाम प्यायलेला असतो. तो आपल्या जागी जाऊन गुपचूप बसतो. वडिलांनी मला एवढं एकच शिकवलं. शाळेत चौथीपर्यंत बसलो आणि उठलो, तरी लोक मास्तरच म्हणतात. शिंप्याला म्हणतातच.

ही वही तू दिलीस. आघाडीवर जाताना म्हणालास, बाबा, तुम्हाला काळजी करायची खोडच आहे, ती माझ्या कानाशी न करता इथे करा, आल्यावर सगळी एकदम वाचतो. करतोय रे. वाच.

६ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलावर काजबटणवाली बसते. तिशीची असेल. तोंड क्षणभर बंद नाही. काल मी चष्मा शोधत होतो तर म्हणाली, मास्तर, कपाळाला विचारून बघा, त्याला ठाऊक असेल. तिचा धाकटा भाऊ तुझ्याच तुकडीत आहे. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, हिनेच वाढवला. लग्नबिग्न केलं नाही. प्रत्येक गठ्ठा आला की आधी त्याचा नंबर शोधते.

खोलीत रेडिओ दिवसभर बोंबलत असतो. आज आपल्या लोकांनी त्यांचा पूल उडवला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग वाटलं, पुलावर कुणीतरी असेलच की. मग वाटलं, असू दे, तो माझ्या पोरावरच चालून येत होता. मग स्वतःची किळस आली. मग भाषण ठोकणाऱ्याचा राग आला. आवाज कसा गुळगुळीत, भरल्या पोटाचा! तुझ्या घरातलं कोण गेलंय ते सांग आधी, म्हणावं. आणि इथे सगळे मला म्हणतात, केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला. वाटतो ना. वाटतो म्हणूनच डोकं फिरतं.

आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त राग तुझाच येतो. तुला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या पायांनी गेलास. आणि मी काय केलं? वर्दी ढगळ आली म्हणून दिवसभर बसून ती तुझ्या अंगाला बेतून दिली. उजवा खांदा बोटभर उतरता घेतला, लहानपणी जिन्यावरून पडलास तेव्हापासून तो तसाच आहे. लांबी जास्त होती, तर खालची दुमड कापून अगदी बारीक केली. तू आरशासमोर उभा राहिलास आणि छाती माझी फुगली.

१२ फेब्रुवारी

आज गठ्ठ्यात तुझा शर्ट आला.

नंबर तीनदा वाचला. नंबर चुकेल, उजवा खांदा कसा चुकेल? माझीच शिवण. डाव्या बाहीला कोपराच्या वर भोक. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मी त्या भोकात बोट घालून तसाच उभा राहिलो. काजवालीने हाताला धरून बसवलं, स्वतःचा चहा दिला. म्हणाली, रक्ताचा डाग आहे का? नाही ना? मग तारेत अडकली असेल बाही, तुमचं आपलं काहीतरीच. रक्त नव्हतं हे खरं.

दुमडीतून दहा धागे काढले. इतकी बारीक रफू जन्मात केली नाही.

२१ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. सोळा तारखेला गोळी बाहीत शिरताना तू डोळ्यांनी पाहिलीस, आणि हाताला ओरखडासुद्धा नाही. बाहीलाही भोक नाही. सोबतचे म्हणतात की तुला भास झाला.

सोळा तारखेला. मी भोक बुजवलं बारा तारखेला.

पुढे लिहिलं आहेस की तिकडे महिनाभर कपडे धुलाईला दिलेच नाहीत, दोन्ही शर्ट आलटून पालटून अंगावरच आहेत.

हेडबाईंना विचारलं की हे गठ्ठे येतात तरी कुठून. त्या वैतागल्या. मास्तर, गाडी येते, गाडी जाते, तुम्ही भोकांकडे बघा.

२७ फेब्रुवारी

पुन्हा तुझा शर्ट. पोटावर तीन भोकं. बुजवली.

इतर कुणाला काही सांगितलं नाही. म्हातारा चळला म्हणतील. काजवालीला सांगावंसं वाटलं, पण नको.

५ मार्च

पत्र. तुझ्या बाजूला सुरुंग फुटला. तुझ्या पुढचा गेला, मागचा गेला, तुझ्या पोटाला काही नाही. लोक तुला हात लावून बघतात म्हणे.

मी खोलीत कडी लावून हसलो. दोन पोरं गेली आणि मी हसलो. त्यांचे शर्टही याच टेबलावरून गेले असतील. मी ते कसे केले होते? तुझा शर्ट आल्यापासून बाकीच्यांवर चार टाके मारून मोकळा होतो आहे. हे आधी का नाही लक्षात आलं? युद्ध करणारे चुलीत जावोत, पण त्यांना शिव्या देताना मी इथे काय करत होतो?

९ मार्च

छातीवर. मुठीएवढं.

दुमडीत धागे उरले नाहीत. होती तेवढी दुमड मीच कापली होती, तू रुबाबदार दिसावास म्हणून! निम्मं भोक बुजलं. अकरा धागे कमी पडले. सरकारी रीळ घेऊन पाहिलं. दोरा आत जातो, आणि बघता बघता सरकत बाहेर येतो. चार वेळा केलं. चारी वेळा टेबलावर वेटोळं होऊन पडला.

काजवालीच्या टोपलीत तिच्या भावाचा शर्ट होता. फक्त एक बटण तुटलेलं. सकाळी तो आला तेव्हा तिने गालाला लावला होता. एकाच तुकडीचा, तेच ऊन, तोच घाम. दुमड चांगली चार बोटं.

ती पाणी आणायला गेली होती.

अकराच घेतले. दुमड परत मुडपून ठेवली. दिसत नाही. धागे बसले.

१७ मार्च

तू सुखरूप आहेस. छातीवर आदळून तुकडा खाली पडला, असं लिहिलं आहेस.

काजवालीला आज आत बोलावलं होतं. भाऊ इस्पितळात आहे. तिने सगळ्यांना सांगितलं, जिवंत आहे, जिवंत आहे. पेढ्यासारखी वाटत फिरली ती बातमी. मलाही सांगितलं. मी मान हलवली.

१९ मार्च

डॉक्टरांना जखम सापडत नाही. गोळी नाही, तुकडा नाही. कमरेभोवती कातडी नुसती उसवत चालली आहे. टाके घालतात, टाके राहत नाहीत. हे सांगून तिने मला विचारलं, मास्तर, कातडी अशी उसवते का हो कधी? तुम्हाला शिवणातलं कळतं म्हणून विचारते.

मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे? ओरडलो तिच्यावर.

२१ मार्च

तिच्या भावाचा शर्ट पुन्हा आला. खालची दुमड झिरमिळ्या झालेली. तिने ती उलटी करून खिडकीशी धरली. दहा वर्षं काजं करणारी बाई. धागा तुटला की कुणी काढला, तिला कळतं.

माझ्याकडे आली. वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, तुमच्या पोरासाठी ना? मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की त्या दिवशी तुमच्या स्वतःच्या अंगात सदरा नव्हता का?

एवढंच. जाऊन बसली.

२२ मार्च

होता. अंगात सदरा होता. ट्रंकेत आणखी दोन आहेत.

विचारसुद्धा आला नाही. त्या रेडिओवाल्याला मी महिनाभर शिव्या घालतो आहे की दुसऱ्यांची पोरं पुढे करतो म्हणून. आणि हात गेला तो थेट टोपलीत. रागाने दात खाऊन दाढ हलली. कुणाचा राग, आता विचारू नकोस.

दुपारी सदऱ्याच्या दुमडीतून दोन धागे काढले. त्या पोराच्या शर्टात घातले. बसले. सरकले नाहीत.

डाव्या हाताची दोन बोटं गार पडली आहेत. टोचलं तरी कळत नाही.

२३ मार्च

पाच झाले. डावा हात खांद्यापासून गेला. लोंबतो. उजव्या हाताने आणि दातांनी काम चाललं आहे.

इस्पितळातून निरोप आला, तिच्या भावाचं डाव्या बाजूने रक्त थांबलं. ती माझ्यासमोर चहा ठेवून गेली.

२४ मार्च

आठ. डावा डोळा नाही. हेडबाई म्हणाल्या, घरी जा, तुम्हाला झटका आला आहे. मी शिव्या दिल्या. पहिल्यांदाच बाईमाणसाला दिल्या. तिन्ही सदऱ्यांत धागे भरपूर आहेत. मीच संपत आलो आहे. छातीत मध्येच ठोका पडत नाही, मग पडतो. अंदाज घेतला — आणखी तीन निघतील. त्या पोराला तीनच हवेत. पुरेल.

२५ मार्च

गठ्ठा आला. वरच तुझा.

कॉलर — पुढून. गळ्याशी. लहान भोक आहे. तीन धाग्यांचं.

कशाला गेलास? कुणी सांगितलं होतं तुला — हा राग घेऊन मी कुणाकडे जाऊ —

ती समोर उभी आहे. तुझा नंबर तिने वाचला. भोक बघितलं. मला वाटलं शर्ट हिसकावेल. नाही. म्हणाली, मास्तर, धागे कुणाला घालायचे ते मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही बघा. ओरड म्हटलं तर ओरडत नाही —

तिसरा सदरा फाडून धागे काढून ठेवले. तीन. काढतानाच पाय गेले. आता चौथा निघणार नाही. सुई तिने ओवून दिली, माझ्याने होईना. दोन्ही शर्ट मांडीवर आहेत, हात एकच, दोन्ही एकदम धरता येत नाहीत. पेन्सिल खाली ठेवतो आणि एक शर्ट उचलतो, तो —