अंगावरचा गुलाल

वस्ताद,

साक्रीच्या पुढे, डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका गावाच्या तोंडाशी कडुलिंबाखाली गाडी लावून बसलोय. समोर जे पत्र्याचं घर दिसतंय, माणसं जमलीत, तिथे माझ्या पोरीचा बाप गेलाय. माझी पोर म्हणजे तालमीतली. तुम्ही असतात तर तालमीत पोरी घेतल्या म्हणूनच आधी मला उभा-आडवा घेतला असतात, ते सोडा. तिचा बाप सकाळी शेतात मोटर चालू करायला गेला, बांधावर टेकला, तो उठलाच नाही. थोरला मुलगा सुरतेला कामाला असतो, तो निघालाय, त्याच्यासाठी सगळं थांबलंय. पोरीला मी धुळ्याहून घेऊन आलो. ती आत गेली आणि मी इथे. दोनदा गाडीचं दार उघडलं आणि दोनदा लावून घेतलं. आत जायचं, तिच्याजवळ जरा बसायचं, एवढंच काम आहे, आणि तेवढंच माझ्याच्याने होत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. कागदही धड नाही, आजच्या सामन्यांच्या पत्रकाची मागची कोरी बाजू आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आताच्या पोरांना तुम्ही म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि त्या फोटोतही तुम्ही रागावलेलेच.

मी तुमच्याकडे धुळ्याला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. रावेरकडचा, केळीच्या बागेतला पोरगा. माझी बोली वेगळी, तुमची अहिराणी मला निम्मीच कळायची, आणि तालमीतली पोरं मला केळीचा खांब म्हणायची, कारण दिसायला उंच आणि ढकललं की आडवा. पहिल्या दिवशी तुम्ही मला हौद्याच्या काठावर उभं केलंत. आतली तांबडी माती नुकतीच खणलेली, तिला ताकाचा आणि हळदीचा वास. तुम्ही म्हणालात, "आठे ना माय, ना बाप. आठे फक्त माती शे." मला वाटलं, पैलवानकीतलं काही मोठं बोललात. ते मोठं बिठं काही नव्हतं, तो तुमचा रोजचा कारभार होता. कोणाची कोणाशी दोस्ती जमली की तुम्ही त्यांची जोड मोडायचात आणि एकेकाला दुसऱ्याच कोणाच्या अंगावर घालायचात. पोळ्याला, दिवाळीला कोणी घरी जायचं नाही. घरून कोणी भेटायला आलं तर बाहेरच्या ओट्यावर, उभ्याउभ्या. जिंकलं तरी पाठीवर हात नाही आणि हरलं तरी शिवी नाही, नुसतं बघायचं आणि पुढे जायचं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू.

माझ्याबरोबर जोर काढणाऱ्या पोराचा एकदा खांदा निखळला. तो ओरडत होता आणि मी त्याचा दुसरा हात धरून बसलो होतो. तुम्ही आलात, माझ्याकडे पाहिलंत. "हात सोड. हाडवैद येई नि पाही. तू कोन शे त्याना?" मी हात सोडला. त्या दिवशी पूर्ण हौदा मला एकट्याला खणायला लावलात, आणि मी खणत असताना तुम्ही काठावर बसून होतात. संध्याकाळी अक्कांनी मला चुलीपाशी बसवलं, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा आणि नेहमीपेक्षा जास्त तेल. अक्का तुमची बायको, पण आम्हा सगळ्यांची निम्मी आई त्याच होत्या, तुमच्या नियमांना न विचारता. त्या म्हणाल्या, "खाय रे. त्यासना वस्तादनी त्यासले असंच शिकाडेल शे." तुमच्या वस्तादांनी तुम्हाला असंच शिकवलं, हे तेव्हा मला तुमच्या बाजूने बोलणं वाटलं. आता वाटतं की बाई थकून बोलत होती.

आणि मग ती जत्रा. याच रस्त्यावर, साक्रीच्या अलीकडे. सकाळी आपण निघायच्या आधी तालमीसमोरच्या किराणा दुकानात फोन आला होता. आमच्या गावचा एक जण दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, तिथून त्याने केला होता. दुकानदार तुम्हाला बोलवायला आला, तुम्ही गेलात, परत आलात आणि म्हणालात, चला. मी टेम्पोत तुमच्या समोर बसलो होतो. सबंध रस्ताभर तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, पण तसे तुम्ही एरवीही पाहत नसत, त्यामुळे मला काय कळणार. दुपारी फडात माझी कुस्ती लागली. समोरचा नाशिककडचा, माझ्यापेक्षा अंगाने दांडगा. मी त्याला ढाकेवर घेतलं आणि चितपट केलं. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली कुस्ती तीच, हेही आता सांगून टाकतो. लोकांनी खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, डोक्यापासून पोटापर्यंत गुलाल. मी तुम्हाला शोधत होतो. मला खाली उतरवलं तेव्हा तुम्ही समोर होतात. "तुनी माय गयी. सकायले फोन उना व्हता. आते गावले जाय." एवढं बोलून माझे कपडे माझ्या हातात दिलेत आणि पुढच्या पोराची कुस्ती लावायला गेलात.

वस्ताद, मी हरलो असतो. सकाळी सांगितलं असतं तर मी हरलो असतो किंवा लढलोच नसतो. मग काय झालं असतं? जत्रा पुढच्या वर्षी परत भरली असती.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "जिंकलास वाटतं पैलवान." मी हो म्हणालो. एका म्हाताऱ्याने सरकून जागा दिली, माझा दंड चाचपून पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, याला म्हणतात कमाई. धुळ्याला गाडी बदलली, जळगावला बदलली. गुलाल घामाने भिजून मानेत उतरत होता आणि मला तो धुवायचं सुचलं नाही. स्टँडवर नळ होते. मी त्यांच्यासमोरून गेलो असेन. घरी पोचलो तेव्हा आईचं दहन होऊन गेलं होतं, अग्नी चुलतभावाने दिला होता. अंगणात माणसं बसलेली. त्यांनी माना वर करून मला पाहिलं. सुतकाच्या घरात मी फेटा हातात घेऊन, तांबडाभडक होऊन उभा. आत्या धावत आली, "हे काय रे बापा अंगावर," म्हणत पदराने माझं तोंड पुसायला लागली, पण ओला गुलाल पुसल्याने जात नाही, पसरतो. वडील खांबाला टेकून होते. त्यांनी विचारलं, "जिंकला का?" मी हो म्हणालो. त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आमचं बोलणं व्हायचं, केळीचं, पावसाचं, सगळ्याचं. पण मी कुस्ती जिंकलो की हरलो, हे त्यांनी परत कधी विचारलं नाही.

तेरावं करून मी परत तालमीत आलो. कुठे जाणार दुसरीकडे? अक्कांनी ताटात भाकरीशेजारी दोन पिकलेली केळी ठेवली. मी खाल्ली. पुढे तुम्ही गेलात, तेव्हा तुमच्या दहाव्याला अक्कांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "त्या तुना गावले गयथात. तिसरा दिन. नदीना पलीकडे उभा ऱ्हायनात, नि वापस उनात." म्हणजे आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही नदीपलीकडे उभे राहून परत आलात, आणि आल्यावर जेवला नाहीत म्हणे. कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर म्हणालात, केळी आणायला. धुळ्याचा माणूस केळी आणायला रावेरला जातो, आणि बायकोने ते खरं मानायचं. अक्कांना वाटलं की हे ऐकून माझं मन हलकं होईल. मी मान हलवली. पण मला इतका राग आला वस्ताद, की तुमच्या पिंडाला कावळा शिवेना तेव्हा मला आतून बरंच वाटलं. एवढ्या गाड्या बदलून आलात आणि नदीला पाणी किती, तर गुडघाभर. ती ओलांडून यायला काय झालं होतं? मी तिथे राख सावडत होतो. तुम्ही नुसते येऊन उभे राहिला असतात, एक शब्द न बोलता, तरी मला पुरलं असतं. गुलालाचंही मी विसरलो असतो.

माझी तालीम काढली तेव्हा ठरवलं होतं की तुमचं काही उचलायचं नाही. डाव तेवढे घ्यायचे. पण माणूस ठरवतो एक. पोरं रडली की मी पाठ फिरवतो. त्यांचे मोबाइल माझ्या कपाटात असतात आणि रविवारी मिळतात, कारण घरच्यांशी बोललं की त्यांचा दम ढिला पडतो, असं मी पालकांना सांगतो आणि पालक माना डोलावतात. त्यामुळे आज सकाळी फोन माझ्याच मोबाइलवर आला. पोरीची कुस्ती दुपारी होती. यंदा तिचा नंबर लागणार हे मैदानात सगळ्यांना ठाऊक होतं. मी लगेच सांगितलं. तेवढं मात्र तुमच्यासारखं केलं नाही. पण सांगितलं कसं, तेही ऐका. ती मॅटच्या कडेला वॉर्मअप करत होती. मी म्हणालो, "तुझे आप्पा गेले. बॅग घे." माझ्याच कानांना तुमचा आवाज ऐकू आला.

तिने बॅग घेतली. गाडीत बसली. कुसुंबा गेलं, नेर गेलं, पोर समोर बघतेय आणि मी रस्त्याकडे. साक्री जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "भाऊ, मी रडू का?"

मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, पाणी पी. बाटली पुढे केली. ती प्यायली, झाकण लावून बाटली परत जागेवर ठेवली, आणि गाव येईपर्यंत रडली नाही. शिस्तीची पोर आहे. तुम्हाला आवडली असती.

मघाशी एक आजोबा काठी टेकत आले होते. काचेवर टकटक करून म्हणाले, "भाऊ, तुम्ही आठे काबर बठनात? घरमा या." मी म्हटलं, येतो. ते गेले. मी लिहीत राहिलो. आता कळलं का तुम्हाला, मी कुठे बसलोय ते? इथे नदी नाही, गुडघाभर पाणीही नाही, नुसता रस्ता आहे आणि एक गोठा. एवढी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या आणि तुमच्याच जागेवर येऊन बसलो. तुम्ही निदान बसने आला होतात.

मधे लिहिणं थांबलं होतं. पोर आली होती. तिला वाटलं मी निघालो. अजून तिच्या अंगात तोच तालमीचा टी-शर्ट. तिने विचारलं, "जाताय का भाऊ?" मी नाही म्हणालो. तरी ती गेली नाही, गाडीच्या दाराला हात लावून उभी आहे. अजून उभीच आहे. तिचे डोळे कोरडे आहेत, आणि ते माझ्यामुळे कोरडे आहेत.

राग होता म्हणून लिहायला घेतलं, असं मला वाटत होतं. तसं नाही. त्या गुलालाच्या दिवसापासून मी एकदाही रडलेलो नाही वस्ताद, आणि आत त्या घरात गेलो तर माझ्याने आवरणार नाही, सगळ्यांदेखत. रडू का, हेच तुम्हाला विचारायला बसलो होतो. पण लिंबाची सावली सरकलीय आणि पोर उन्हात उभी आहे. कागद सीटखाली ठेवतो आणि उतरतो.