उजवी खुर्ची

भवानी पेठ, सोलापूर
८ जानेवारी २०२६

प्रिय दिग्विजय,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे. गड्ड्याची यात्रा तोंडावर आली आहे. अप्पा रोज नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायच्या सरावाला जातात आणि कंबर धरून परत येतात. सांगून ऐकतील तर ते अप्पा कसले. तू सोलापूरच्या विमानावर को-पायलट होणार म्हणून तुझ्या घरून, टेंभुर्णीहून काकूंनी पेढे पाठवले. चांगले होते.

अभिनंदन करायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, टाळलं.

'मोठं विमान शिक, नोकऱ्या तिथं आहेत,' असं तू तेव्हा म्हणाला होतास. पण मला आपल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानाचंच टाईप रेटिंग, तेवढंच विमान उडवायची परवानगी, हवं होतं, आणि माझ्या हट्टापायी तूही तेच केलंस. डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून कोण बसणार आणि उजवीत को-पायलट म्हणून कोण, यावरून किती भांडायचो आपण. पुढे गुवाहाटीची नोकरी दोघांनाही मिळत होती. तू गेलास, मी आईच्या आजारपणात थांबले. त्याचा पस्तावा नाही. आई माझ्या हातून पाणी पिऊन गेली.

परवा तुझ्याच कंपनीतल्या मुलाखतीत त्यांनी माझं रेटिंग पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, या विमानावर नोकरीत उड्डाणाचे तास किती? एकही नाही. "पाचशे झाले की या." मोठ्या विमानवाल्यांना तर हे रेटिंगच चालत नाही. घरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, "आमच्याकडं नव्या पोराला सरावात काठी धरायला देतातच की. धरल्याबिगर कसं येईल?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुझे तास होते, तुला घेतलं. त्यात तुझी चूक नाही. पण तू लिहिलंस, 'आपल्या लग्नानंतर तुला फुकट तिकीट मिळेल, हवं तेव्हा उडत जा.' ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस काढलं नाही. मला तिकीट नको होतं रे. आता तर मी डाव्या खुर्चीसाठी भांडलेही नसते.

काकूंना लग्नाची तारीख हवी आहे. ती मी देणार नाही. मागे खिडकीशी बसून तुझं कौतुक करायचा मनाशी खूप प्रयत्न केला. नाही जमत.

यात्रेनंतर तुझं पहिलं विमान इथं उतरेल तेव्हा अप्पा हार घेऊन येतील. मी घरीच, गच्चीवर असेन. सकाळी इथं धुकं असतं, सांभाळून उतर.

'तुझी' लिहायचं होतं.

सिद्धेश्वरी