नवसाबाईच्या बादल्या

१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय मल्हारी,

आजीला वाचता येत नाही म्हणून पत्र टाकत नाहीस, की आजी आहे हेच विसरलास? नाशिक रोड इथून सहा मैल, पण दिवाळीलाही तुला बस सापडली नाही. म्हणून यशोदाबाई मास्तरणींना लिहायला बसवलं आहे. वीस वर्षं आपल्याकडून भाजी नेतात त्या.

सुरुवात त्यांनीच केली. आपल्या शेजारच्या नवसाबाईची मेथी त्यांनी परत आणून तिच्याच पाटीत टाकली. म्हणे, घासलेटाचा वास येतो. नवसाबाई भांडायलाच उठली. दोघी तावातावाने नाल्यावर गेल्या, जिथं सगळ्या बायका जुड्या धुतात. यशोदाबाईंनी पाण्यात हात घातला, हुंगला, आणि भांडण सोडून तिथंच नाल्यात पाणी सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध अर्ज लिहायला घेतला. एकशे बारा सह्या-अंगठे झाले. आठ दिवस आम्ही तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर पाट्या मांडून बसलो. तुझे साहेब म्हणतात, आम्ही पाणी साफ करूनच सोडतो. येत्या बावीस तारखेला, मंगळवारी, प्रदूषणवाले साहेब चावडीत ऐकायला येणार आहेत.

माझी मेथी मात्र कुणी परत केली नाही. भागीबाईची भाजी तेवढी चांगली, असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मी ऐकून घ्यायचे. वैशाखात आखाजीच्या सणाला जेवता जेवता तूच म्हणाला होतास ना, आजी, नाल्यात जुड्या धुऊ नकोस, आमच्याकडचं पाणी साफ न करता तसंच त्यात सोडतात. तेव्हापासून मी विहिरीवर धुते. तुझी नोकरी नवी, म्हणून बायकांना सांगितलं की गुडघे दुखतात, नाल्याची उतरण झेपत नाही. नवसाबाईला ते खरं वाटलं. सहा महिने ती रोज मला विहिरीतून दोन बादल्या काढून द्यायची आणि स्वतः नाल्यावर जायची. तिचे हात कोपरापर्यंत फुटलेत.

काल तिला सगळं सांगितलं. आज बादल्या माझ्या मीच ओढल्या. आता गुडघे खरंच दुखतात.

तर पत्राचं कारण हे. अर्जावर पहिला अंगठा माझा आहे, त्याच्या शेजारी तुझ्या सहीपुरती जागा सोडायला लावली आहे. मला सांगितलंस तेच मंगळवारी चावडीत सांग. नोकरी जाईल, ते मला कळतं. तू आला नाहीस तर मी सांगेन, आणि कुणी सांगितलं असं विचारलं तर तुझं नाव घेईन. उत्तर भिकन दूधवाल्याकडे दे, आणि त्याच्याच हाती मेथीच्या दोन जुड्या पाठव. एक मला, एक नवसाबाईला द्यायला. नळाखाली धुऊन पाठव.

तुझीच,
भागीआजी
(अंगठा माझा, अक्षर यशोदाबाईंचं)