सफरचंदवाल्या फ्रेंच म्हाताऱ्याविषयी

धाहरान, सौदी अरेबिया, २ जून १९८०

रा. रा. रत्नाकरराव मास्तर यांस गुणाजी सुताराचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एक मेव्हण्याचा, साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि शाळेतल्या हेडमास्तरांशी चाललेलं भांडण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे. ऊन इतकं आहे की दुपारी पटाशीच्या पात्याला हात लावला तर चटका बसतो, पण त्याची तुम्हाला काय कल्पना येणार, तुम्ही पंख्याखाली बसून पोरांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेता.

तुमचं पाकीट पोचलं. आमच्या मंजिरीला मुंबईच्या चित्रशाळेत घालायचं, पंचवीस जूनच्या आत अर्ज गेला पाहिजे, अर्जावर बापाची सही हवी, नाहीतर पोरीचं वर्ष फुकट जाईल, हे सगळं वाचलं. माझं उत्तर एकच, नाही. तिनं टायपिंग शिकावं, नाहीतर डी.एड. करावं. मी सात वर्षं या वाळूत वाळतोय तो पोरीनं रंगाच्या बाटल्या धुवाव्यात म्हणून नव्हे. तुम्ही पत्रात त्या सेझान नावाच्या फ्रेंच चित्रकाराचा दाखला दिलात, त्याच्यामुळे म्हणे आजची सगळी चित्रकला घडली. मास्तर, हा दाखला तुम्ही चुकीच्या माणसाला दिलात. त्या सेझाननं गेल्याच महिन्यात माझी नोकरी घालवायची बाकी ठेवली होती.

झालं असं. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या बायका दर मंगळवारी क्लबात चित्रं काढतात (दुसरं काम नसतं, घरात एसी असतो). त्यांना शिकवणारी मडम एके दिवशी आमच्या वर्कशॉपात एक छापील चित्र घेऊन आली. टेबल, टेबलावर टोपली, सुरई, चुरगळलेलं फडकं आणि ढीगभर फळं. म्हणाली, अगदी असंच टेबल मला करून दे, वरच्या वस्तू मी मांडीन. आमचा फोरमन नसरुद्दीन हैदराबादी आहे, त्यानं मान वर न करता सांगितलं, "गुणाजी मियाँ, मडम जैसा बोली वैसाच बना देव, खलास."

मी चित्र भिंतीला लावलं आणि फूटपट्टी घेऊन मापं काढायला बसलो. मास्तर, तुम्हाला सांगतो, असा बेअक्कल कारागीर मी जन्मात पाहिला नाही! टेबलाची पुढची कड डावीकडून निघते, फडक्याखाली शिरते आणि उजवीकडे बाहेर येते ती भलत्याच उंचीवर. टेबलाचा माथा आपल्या अंगावर कलंडलेला. सुरईचं तोंड वरून बघितल्यासारखं दिसतं आणि पोट समोरून. काटकोन नावाची गोष्ट त्या माणसाच्या कानावरून गेलेली नव्हती. (आमच्या बापानं अशा कामाबद्दल मला रंध्यानं बडवलं असतं.) पण हुकूम तो हुकूम. मी नऊ दिवस खपून हुबेहूब तसं टेबल केलं. डावी फळी उजवीपेक्षा दोन इंच खाली, माथा पुढे उतरता, वर पॉलिश. आयुष्यात पहिल्यांदा मी सपाटी तपासायची लेव्हल पेटीतच ठेवून काम केलं, आणि ते लपवायला रोज टेबलावर चादर टाकत होतो.

मंगळवारी टेबल क्लबात गेलं. मडमनं वर फडकं अंथरलं, टोपली ठेवली आणि लेबनानची दोन डझन सफरचंदं मांडली. ती सगळी गडगडत खाली आली आणि दहा-बारा गोऱ्या बायका खुर्च्यांखाली ओणव्या होऊन फळं शोधू लागल्या. मी मनातल्या मनात इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, परत केला, एक्झिटचा शिक्का घेतला आणि थेट सांताक्रूझच्या विमानतळावर उतरलो. पण मडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं मला सगळ्यांसमोर आधी डावीकडच्या स्टुलावर बसवलं, टेबल बघायला लावलं, मग उजवीकडे उभं केलं आणि पुन्हा बघायला लावलं. म्हणाली, हा चित्रकार एका जागी बसून बघत नव्हता, थोडं इकडून बघायचा, थोडं तिकडून, आणि दोन्ही एकाच कागदावर ठेवायचा.

म्हणजे मांडी ठोकून बसायची शिस्त नाही, आणि त्याला म्हणे नवी दृष्टी! एकेका ताटलीला इतका वेळ लावायचा की फळं सडून जायची. त्याचा सिद्धांत काय, तर जगातली प्रत्येक वस्तू गोळा, नळकांडं आणि शंकू. (लाडू, लाटणं आणि गाजर. तुमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात हा सिद्धांत रोज दिसतो, तिला कुणी थोर म्हटलेलं नाही.) त्याच्यामागून आलेल्यांनी तर कहर केला. मडमनं पुस्तक दाखवलं. नाक एका बाजूनं, डोळे दुसऱ्या बाजूनं, गिटारीच्या चिरफळ्या. हे सगळे त्या म्हाताऱ्याला बाप मानतात. पोरं बापावर गेली, एवढंच मी म्हणेन.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वखुशीनं एक काटकोनी टेबल करून दिलं, पाण्याचा थेंब ठेवला तर हलणार नाही असं. ते आता चहाच्या किटलीखाली आहे. वाकडं टेबल क्लबाच्या मधोमध मांडलंय, सफरचंदांना खालून मेण लावलंय आणि साहेब लोक येऊन मला शेकहँड करतात. अशा लोकांच्या धंद्यात मी माझी मुलगी पाठवणार नाही. हा विषय संपला.

घरी सगळ्यांना यथायोग्य सांगावं. तुमच्यावर राग आहे, पण लोभ कमी झालेला नाही.

आपला,
गुणाजी

ता. क. : दम्यासाठी दोन डब्या मलम पाठवत आहे. छातीला चोळायचं आहे, गेल्या वेळेसारखं गुडघ्याला नव्हे.

ता. क. २ : तुमच्या पाकिटात मंजिरीनं काढलेलं माझं चित्रही होतं. त्याविषयी वर मुद्दाम लिहिलं नाही. मी उंबऱ्यावर उभा आहे, तोंड घराकडे आणि पावलं, बॅग, सगळं रस्त्याकडे. आधी भडकलोच. माणसाचं धड असं वळत नाही, मी सुतार आहे, मला सांधे कळतात. मग सुट्टीचे दोन शुक्रवार ते घेऊन खाटेवर बसलो. सात वर्षांत मी तीनदा घरी आलो, आणि तिन्ही वेळा आल्या दिवसापासून जायचीच बॅग भरत होतो. पोरीनं मला येताना पाहिलं आणि जाताना पाहिलं, मधे कधी पाहिलंच नाही. तिनं काहीही चुकीचं काढलेलं नाही. मला फार वाईट वाटलं, मास्तर.

ता. क. ३ : माझ्या खोलीतला केरू गवंडी गुरुवारी रजेवर निघतोय. त्याच्याबरोबर सही केलेला अर्ज पाठवत आहे. अर्जाला चित्रं जोडायची आहेत आणि हे तिचं सगळ्यांत चांगलं, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून तेही देतोय. पण चित्रशाळेचं बघून झालं की तिथून काढून घ्या आणि केरू परत येईल तेव्हा त्याच्या हातून मला पाठवा. मधल्या काळात तुमच्यातला ड्रॉइंग मास्तर जागा झाला, तरी माझी पावलं सरळ करू नका.