माझ्या खाणीतल्या जागेची वाटणी

मी त्रिंबक रखमाजी डोईफोडे, वय सव्वीस, सातवी नापास, मूळ गाव टेंभुर्णीजवळ, ता. जाफ्राबाद, जि. जालना, सध्या चंद्रपूरकडं कोळसा खाणीत लोडर. आज शुद्धीवर आहे, दारू घेतलेली न्हाई, कोणी धाक घातलेला न्हाई. म्हणून आजच लिहून ठेवतो.

कारण असं. दरसाल एप्रिलात खाणीच्या गेटवर सालभरात काढायच्या कोळशाचा नवा आकडा रंगवतात, मागच्या सालापेक्षा मोठा. देशाचा कोळसा वाढून राह्यला असं साहेब भाषणात सांगतो. तो वाढतो उघड्या खाणीतल्या मशिनींवर. आमची जमिनीखालची खाण मागं पडत चालली. जुने लोक रिटायर होतात, नवी भरती बंद. मंग मार्च आला की आकडा गाठायला, छत पेलणारे कोळशाचे खांबच कापायला लावतात. उद्यापासून ते काम आमच्या टोळीकडं आहे. छताला मार्च एंडिंग कळत न्हाई, असं मी पाळीचा सरदार सर्जेराव याला बोललो. तो म्हणला, "लई कळतं तर साहेब हो." त्यानं माझ्या मयतीला येऊ नये.

१. गावातली माझ्या वाट्याची खोली, शेळ्या अन् फंडाची रक्कम पत्नी शिवकन्या हिची. शेळ्या ठेवायच्या का विकायच्या हे तीच ठरवील. जनावराची पारख तिला माझ्यापेक्षा जास्त आहे. वडिलांनी मध्ये बोलू नये.

२. सायकल धाकटा भाऊ भुजंग याला. चेन उतरते, शिव्या देऊन फायदा न्हाई.

३. नोकरी. भरती बंद असल्यानं खाणीत शिरायची एकच वाट उरली. माणूस मेला की त्याच्या जागी घरातला एक घेतात. आमच्या गावात हे सगळ्यांना पाठ आहे. दिवाळीला घरी गेल्तो, तर भुजंगनं अर्जाला फोटो काढून, शाळेचा दाखला आणून ठेवलेला. वडील म्हणले, "जागा घराबाहेर जाऊ नये, बाबा." मी समोर बसून जेवत होतो. शिवकन्या वाढता वाढता थांबली. आई तेवढी म्हणली, "त्याला भाकर तरी खाऊ द्या."

नोकरी मृत्युपत्रात देता येत न्हाई हे मला बराबर माहीत आहे. तरी लिहितो. जागा शिवकन्यानं घ्यावी, ती पण जमिनीवरचीच, खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटायची न्हाईतर ऑफिसातली. तशी मिळाली न्हाई तर बदल्यात भरपाई घ्यावी. भुजंगनं बिलकुल खाली उतरू नये. तो चिडेल. चिडायला जिता तर राहील.

४. भुजंग काल इथं आला. नुसती खाण बघाया आलो म्हणतो. म्हणून साक्षीदार त्यालाच केलं, म्हणजे पुढं 'मला माहीत नव्हतं' असं त्याला म्हणता येणार न्हाई.

खाण वसाहत, जि. चंद्रपूर
ता. १४ मार्च १९९९
सही : त्रिंबक रखमाजी डोईफोडे

साक्षीदार :
१. कडूबा, शेजारच्या खोलीतला. डाव्या हाताचा अंगठा.
२. भुजंग रखमाजी डोईफोडे. वाचलं. समजलं. सही करतो. पण दादा, मंग उद्या तू कशाला उतरून राह्यला?